मूलपेशींचे संशोधन आणि आपले पंचशील

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणाला विषय कोणता, असे समितीने विचारले तेव्हा आम्ही ‘मूलपेशी’ असे सांगितले. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाले, ‘‘अहो, लोक बायकापोरं घेऊन येणार, नंतर जेवण आहे, जरा सोपं काहीतरी घ्या ना.’’ त्यांचे चुकले नाही. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून शोधून आणलेला नाही. तो आपल्याच विहाराच्या पायरीवर आमच्याकडे चालत आला.

झाले ते असे. एका रविवारी वंदना आटोपली आणि आपल्यातलेच एक तरुण जोडपे आमच्यापाशी आले. सुनबाईंना सातवा महिना होता. हातात एक गुळगुळीत कागदाचे रंगीत पुस्तक. डोंबिवलीतल्या ज्या प्रसूतिगृहात नाव घातले होते, तिथे बाहेर बसलेल्या एका टाय घातलेल्या मुलाने ते दिले होते. बाळाच्या नाळेतले रक्त साठवून ठेवायचे, त्यात स्टेम सेल असतात, पुढे बाळाला ऐंशी प्रकारचे आजार झाले तरी त्यातून ते बरे होईल, असे त्यात लिहिलेले. साठ-सत्तर हजारांचा आकडा होता आणि हप्त्यांची सोयही होती. मुलगा कंत्राटी नोकरीत. तो म्हणाला, ‘‘काका, घ्यावं का? नाही घेतलं आणि उद्या काही झालं, तर आपणच लेकराचं वाईट केलं असं होईल.’’ सुनबाईंचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी हळूच विचारले, ‘‘हे स्टेम सेल गर्भ मारून काढतात म्हणे, खरं का? मग ते आपल्या पंचशीलात बसतं का?’’

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासणीच्या टेबलावर तीस वर्षे काढली, एवढीच आमची पात्रता. त्या दोघांना तिथे उभ्याउभ्या उत्तर देता आले नाही. नंतर वाचले, विचारले, भन्तेजींशीही बोललो. त्याचेच हे भाषण आहे.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. कातडीची पेशी कातडीचेच काम करते, हृदयाची हृदयाचे. पण काही पेशींनी अजून आपला धंदा ठरवलेला नसतो. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि गरज पडेल तशी वेगळी पेशीही तयार करतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ मगज असतो, ज्याला अस्थिमज्जा म्हणतात, त्यात रक्ताच्या मूलपेशी असतात. आपले रक्त रोज तिथेच तयार होते.

या मज्जेचा उपयोग नवा नाही. १९८३ साली परळच्या टाटा हॉस्पिटलात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. व्हीलचेअरवरून त्यांनी हे काम केले. भावाने बहिणीला मगज दिला, भावाचा मगज काही आठवड्यांत पुन्हा भरून आला, बहिणीला नवे रक्त मिळाले. यात कोणाची हत्या नाही, कोणाची फसवणूक नाही. यावर जगात कुठल्याच धर्माचा वाद नाही. सुनबाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की सर्व मूलपेशी गर्भातून येत नाहीत. नाळेतले रक्तही बाळ जन्मल्यावर उरणारे असते.

वाद आहे तो वेगळ्या मूलपेशींचा. त्याची सुरुवात समजून घ्यायला आपण पुन्हा परळलाच जाऊ. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. या पद्धतीत आईची बीजे आणि वडिलांचे वीर्य काचेच्या बशीत एकत्र आणतात, गर्भबीज तयार झाले की आईच्या पोटात सोडतात. एकाच वेळी अनेक गर्भबीजे तयार होतात. लागतात एक-दोन. बाकीची गोठवून ठेवतात. जोडप्याला मूल झाले, दुसरे नको, तर त्या उरलेल्या गर्भबीजांचे करायचे काय? ती पुष्कळदा फेकूनच दिली जात.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी अशाच उरलेल्या, आईबापांनी संशोधनासाठी दिलेल्या गर्भबीजांतून मूलपेशी वेगळ्या काढल्या. पाच दिवसांचे गर्भबीज म्हणजे शे-दीडशे पेशींचा ठिपका असतो, सुईच्या टोकावर राहील एवढा. त्याच्या आतल्या पेशींपासून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते. पण त्या काढताना गर्भबीज नष्ट होते. वाद तो इथेच.

अमेरिकेत त्यावर मोठे रान उठले. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीमालिकांवरच सरकारी पैसा खर्च होईल, नवीन गर्भबीज नष्ट करायला पैसा नाही. मग जगभरातल्या चौसष्ट पेशीमालिकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात दहा भारतातल्या निघाल्या, सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या! (२००९ मध्ये ओबामांनी ते बंधन उठवले.) परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही पुढे उरलेल्या गर्भबीजांपासून दोन पेशीमालिका तयार झाल्या. म्हणजे हा वाद वॉशिंग्टनचा आहे, आपला नाही, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. कल्याण स्टेशनवरून लोकलने तासाभरात पोहोचता येईल तिथे हे काम झाले आहे.

आता पहिल्या शीलाकडे येऊ. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज घेतो. पाच दिवसांचे गर्भबीज हा प्राणी आहे का?

ख्रिस्ती चर्चमध्ये, विशेषतः कॅथॉलिकांमध्ये, गर्भधारणेच्या क्षणापासून तो पूर्ण मनुष्य मानतात. तिकडे पूर्वीपासून प्रश्न असा विचारला जातो की आत्मा केव्हा येतो. आपल्याला हा प्रश्न असा विचारताच येत नाही. तथागतांनी आत्माच नाकारला आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, आत्म्याचा पुनर्जन्म स्पष्टपणे बाजूला सारला आहे. जीवन हे धातूंच्या, शक्तींच्या एकत्र येण्यातून उभे राहते आणि विखुरते, असे ते सांगतात.

परंतु इथेच सुटलो असे समजू नका. आमचे भन्तेजी या ठिकाणी आमच्याशी सहमत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. विनयपिटकात भिक्खूला मनुष्यहत्या हा संघातून कायमचा बाहेर काढणारा अपराध सांगितला आहे, आणि मनुष्य कोणाला म्हणावे याची मर्यादा आईच्या पोटात पहिले विज्ञान उत्पन्न होते तिथपासून धरली आहे. श्रीलंका, थायलंड, ब्रह्मदेशातले पुष्कळ थेरवादी आचार्य म्हणूनच गर्भ कितीही लहान असला तरी त्याला हात लावू नये असे मानतात. भन्तेजी म्हणाले, ‘‘उपासक, शंका असेल तिथे करुणा लहानाच्या बाजूने ठेवावी.’’ हे वाक्य आम्हाला रात्रभर पुरले.

उलट बाजूही पिटकातच आहे. मज्झिम निकायात गर्भ राहण्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असे सांगितले आहे. मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल, आणि तिसरा गंधब्ब, म्हणजे जन्माला येऊ पाहणारे. यातले एक नसेल तर गर्भ राहत नाही. काचेच्या बशीत गोठवलेले, ज्याला कोणत्याही आईच्या पोटात जायचे नाही असे गर्भबीज या तिन्हींत बसते का? अडीच हजार वर्षांपूर्वी काचेची बशी नव्हती. ग्रंथाच्या शब्दातून ओढून उत्तर काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग आम्ही पुन्हा बाबासाहेबांकडे वळलो. अहिंसेच्या प्रकरणात त्यांनी तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व विचार करून वागण्याची मोकळीक ठेवते. तथागतांनी अहिंसा नियम म्हणून नव्हे तर तत्त्व म्हणून सांगितली, असे ते मांडतात. आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांतही ते फरक करतात. इच्छेला धम्मात जागा नाही. गरजेचा विचार मात्र करावा लागतो. धम्मात चेतना, म्हणजे मनातला हेतू, हेच कर्म मानले आहे.

त्यावरून आम्हास जे वाटते ते असे. जे गर्भबीज कोणत्याही परिस्थितीत जन्माला येणार नाही, जे टाकूनच दिले जाणार आहे, ते आईबापांनी समजून-उमजून, पैसा न घेता, आजारी माणसांच्या कामी यावे म्हणून दिले, तर ते दान आहे. ती मारण्याची इच्छा नव्हे. पण संशोधनासाठीच मुद्दाम गर्भ तयार करायचा आणि मोडायचा, हे आम्हाला पटत नाही. तिथे जीवन हे केवळ कच्चा माल होते. भन्तेजींना आमची पहिली गोष्टही पटलेली नाही, दुसरीवर आमचे एकमत आहे.

आपल्या देशातले नियम साधारण याच रेषेवर आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, जिला आयसीएमआर म्हणतात, २००७, २०१३ आणि २०१७ अशी तीनदा मार्गदर्शक तत्त्वे काढली. उरलेली गर्भबीजे, लेखी संमती, चौदा दिवसांपलीकडे गर्भ वाढवायचा नाही, माणसाची नक्कल जन्माला घालायची नाही. २०२१ च्या कायद्याने गर्भबीजांची विक्री बंद केली, आणि दहा वर्षे साठवल्यानंतर ती नष्ट होऊ द्यायची किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायची, असे ठरवले. चौदा दिवसच का? त्यानंतर गर्भात पाठीच्या कण्याची पहिली रेघ उमटते. १९८४ मध्ये इंग्लंडच्या वॉर्नॉक समितीने ती मर्यादा सुचवली होती. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती सरसकट बंदी सैल केली. रेघ माणसांनीच ओढलेली असते आणि माणसेच ती पुढे सरकवतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

जपानच्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट इथे सांगतो, कारण ती आम्हाला फार आवडली. शिन्या यामानाका हे मित्राच्या वंध्यत्व उपचार केंद्रात गेले असताना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून एक गर्भबीज पाहिले. त्यांना स्वतःच्या लहान मुली आठवल्या. गर्भबीजात आणि आपल्या मुलींत फरक तो किती, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी संशोधन सोडले नाही. गर्भ न मोडता तशाच पेशी मिळतील का, हे ते शोधत राहिले. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुके घालून त्यांनी ती पेशी उलटी फिरवली, ती पुन्हा मूलपेशीसारखी झाली. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळाले. मनात करुणा आली म्हणून विज्ञान थांबले नाही, त्याने दुसरी वाट काढली.

त्याच काळात शेजारच्या दक्षिण कोरियात काय झाले तेही ऐका. ह्वांग वू-सुक नावाच्या, स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्या शास्त्रज्ञाने २००४ आणि २००५ मध्ये जाहीर केले की आपण नक्कल केलेल्या मानवी गर्भातून मूलपेशी काढल्या. देशाने त्याला डोक्यावर घेतले. नंतर निघाले की ते आकडे आणि छायाचित्रे बनावट होती. आणखी वाईट म्हणजे प्रयोगासाठी स्त्रियांकडून बीजे पैसे देऊन घेतली होती, हाताखाली काम करणाऱ्या मुलींचीही त्यात होती. २००९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

माताभगिनींनो, बीज काढणे ही सोपी गोष्ट नाही. रोज इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल द्यावी लागते, काही वेळा जिवावर बेतते. असा धंदा सुरू झाला की बीज विकायला बंगल्यातली बाई जात नाही. कोण जाते ते आपल्याला सांगायला नको. गर्भाच्या जिवावर जगभर एवढी चर्चा झाली, त्या बाईच्या जिवावर किती झाली?

इथून आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. मूलपेशींवर बोलायला बसले की सगळे पहिल्या शीलावर बोलतात. पण आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या गल्लीत जे शील रोज मोडले जाते ते पहिले नव्हे. ते दुसरे आणि चौथे आहे. न दिलेले घेणे आणि खोटे बोलणे.

नाळेचे रक्तच घ्या. ज्या बाळाचे रक्त साठवले, त्याच बाळाला पुढे थॅलेसेमिया किंवा सिकलसेल निघाला, तर ते साठवलेले रक्त उपयोगाचे नाही. का? तोच दोष त्या पेशींतही असतो. रक्ताच्या कर्करोगातही पुष्कळदा बीज आधीच त्या पेशींत असू शकते. हे त्या रंगीत पुस्तकात लिहिलेले नव्हते, आम्ही दोनदा वाचले. आयसीएमआरने २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. २०१८ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही ‘विमा’ म्हणून त्याची जाहिरात करण्यावर हरकत घेतली. एक अपवाद आहे. घरात आधीच एखादे भावंड अशा रक्ताच्या आजाराने आजारी असेल, तर नव्या बाळाच्या नाळेचे रक्त त्याच्या कामी येऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि एक गोष्ट कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. बाळ जन्मल्यावर लगेच नाळ न चिमटता किमान एक मिनिट थांबले, तर ते रक्त बाळाच्याच अंगात जाते आणि पुढे काही महिने त्याला लोह पुरते. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. आपल्या आयाबायांच्या अंगात रक्त कमी, लेकरांच्याही कमी. ते एक मिनिट फुकट आहे.

नाळेच्या रक्तात फार तर पैसे जातात. दुसरा प्रकार याहून वाईट. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, स्नायू झिजण्याचा आजार असलेली मुले आपल्या वस्तीत आहेत. त्यांच्या आईबापांना ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून इंजेक्शने विकली जातात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, कारखान्यात फिटर, मुलगा सात वर्षांचा, बोलत नाही. कोणत्या दवाखान्यात ते आम्ही सांगत नाही. तीन वेळा इंजेक्शने दिली. बायकोचे मंगळसूत्र गेले, सोसायटीचे कर्ज झाले. प्रत्येक वेळी सांगितले, ‘‘पुढच्या डोसला फरक दिसेल.’’ आम्ही त्यांना विचारले, भाऊ, तुम्हाला काय वाटले होते? ते म्हणाले, ‘‘वाटायचं काय, एकदा ‘पप्पा’ म्हणाला असता.’’

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने सांगितले की स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार म्हणून वापर करू नये, तसा प्रचार करणे हे वैद्यकीय गैरवर्तन आहे. आयसीएमआरने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातूनच ‘उपचार’ हा शब्द काढला आणि फक्त ‘संशोधन’ ठेवला. रक्ताचे आजार वगळले, मोजकी परवानगी मिळालेली उत्पादने वगळली, तर बाकी सारे अजून प्रयोगच आहे. आणि प्रयोगाचा साधा नियम सांगतो, घरी जाऊन लिहून ठेवा. प्रयोग खरा असेल तर तो सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवलेला असतो, आणि रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजावे, तिथे संशोधन चाललेले नाही.

किसा गौतमीची कथा आपण मुलांना सांगतो. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. तथागतांकडे आली. तिच्यासारख्या आईला त्या दिवशी काहीही विकता आले असते. ताईत, मंत्र, काहीही. तथागतांनी तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातली मोहरी आणायला सांगितले, आणि दारोदार जाऊन ती स्वतःच समजली. कथा आपण अनित्यतेसाठी सांगतो. आम्हाला अलीकडे त्यात दुसरेच दिसते. समोरचा माणूस दुःखाने वेडा झालेला असताना त्याला खोटे न सांगणे किती अवघड आहे, ते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे हे संशोधनच नको. नाही, तसे नाही. हे संशोधन आपल्याला हवे आहे, आणि दुसऱ्यांपेक्षा जास्त हवे आहे. कारण सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. १९५८ मध्ये नागपूरच्याच शुक्ला आणि सोळंकी या दोन डॉक्टरांनी इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातल्या लोकांत सिकलसेलचे लक्षण आढळते असे लिहिले. विदर्भातल्या आदिवासींत आणि आपल्या समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ठाणे-पालघरच्या पाड्यांतही आहे. आपल्यापैकी किती घरे नागपूर, भंडारा, चंद्रपूरहून रेल्वेच्या, ऑर्डनन्सच्या नोकरीला इकडे आली, हात वर करा म्हटले तर निम्मी सभा हात वर करील. आजार आपल्याबरोबरच आला. त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, हाडे ठणकतात. रक्त तपासणीच्या टेबलावर अशी मुले आम्ही पाहिली आहेत. सुई टोचली तर रडत नाहीत, कारण त्याहून मोठे दुखणे त्यांच्या ओळखीचे असते.

हा कोणाच्या पापाचा भोग नव्हे. ज्याच्याकडे एकच दोषी जनुक असते त्याला आजार होत नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले. दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. एकाच गटात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत राहिली की अशी दोन जनुके एकमेकांना भेटतात. जातीच्या बाहेर लग्न न करणे हाच जातीचा कणा, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवले होते. शेजारच्या उल्हासनगरात सिंधी घरांतून थॅलेसेमिया जास्त दिसतो, त्याचेही कारण तेच. आणि कृपा करून वाहक मुलीचे स्थळ मोडू नका. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघांची तपासणी करा, एवढेच.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्हींचा आज समूळ उपाय मूलपेशींतच आहे. जुळणारी मज्जा मिळाली तर मूल बरे होते. मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये बोरिवलीला मुलांसाठी असे प्रत्यारोपण केंद्र सुरू केले. पण सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यताही चारात एक. २०२० मध्ये अहमदाबादला एका थॅलेसेमियाच्या मुलाला त्याच्या लहान बहिणीची मज्जा दिली. ती बहीण टेस्ट ट्यूबने, भावाशी जुळेल असे गर्भबीज निवडून जन्माला घातलेली होती. दुसऱ्याच्या उपयोगासाठी मूल जन्माला घालावे का? आम्हाला याचे उत्तर सहज देता येत नाही. तिला भावाइतकेच हवेसे मानले असेल, तर त्या आईबापांना नावे ठेवायला आम्ही धजणार नाही. तिच्यानंतरही भावाला काही लागले तर पुन्हा तिच्याकडेच हात पसरतील का, हा प्रश्न मात्र राहतो.

२०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत रुग्णाच्याच मूलपेशी काढून, जनुक दुरुस्त करून परत घालण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. गर्भ नको, दाता नको. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर! नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआरच्या संस्थेने आपल्या देशात तशीच पद्धत तयार केल्याचे जाहीर केले, तिला बिरसा मुंडांचे नाव दिले. ती अजून रुग्णालयात मिळणारी गोष्ट नाही. ती कधी येईल आणि आपल्या भंडाऱ्याच्या पोराला कोणत्या दराने मिळेल, हा आमच्या मते या सबंध वादातला सर्वात नैतिक प्रश्न आहे. सभासंमेलनांत तो कोणी विचारत नाही.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, तपासणी. १ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. लग्नाआधी, निदान बाळंतपणाआधी रक्त तपासा. आजार निघालाच तर हायड्रॉक्सियुरिया नावाचे स्वस्त औषध आहे, त्याने ठणके कमी होतात. दुसरी, मज्जादात्यांची नोंदणी. ‘दात्री’सारख्या नोंदणी संस्थेत अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसाला गालाच्या आतला नमुना देऊन नाव घालता येते. मज्जा बहुधा आपल्याच समाजातल्या माणसाशी जुळते. आपल्यातली नावे त्या वहीत नसतील, तर आपल्या मुलांना जुळणारे कोण सापडणार? शिवी राजाने डोळे दिल्याची जातककथा श्रीलंकेत एवढी रुजली की तिथून कितीतरी देशांना डोळे दान जातात. इथे तर डोळे द्यायचे नाहीत, पुन्हा भरून येणारा मगज द्यायचा आहे.

त्या जोडप्याचे सांगायचे राहिले. त्यांनी ते पुस्तक परत केले. दोघांचे रक्त तपासले. ती वाहक निघाली, तो नाही, म्हणजे चिंता नव्हती. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरीणबाईंना नाळ एक मिनिट ठेवायला सांगितले, त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही ठेवतोच.’’ मुलगी झाली. आत्ता ती मागच्या रांगेत आजीच्या मांडीवर झोपली आहे.

मागे महिला मंडळात आम्ही हेच थोडक्यात बोललो होतो, तेव्हा एक आजीबाई उठून म्हणाल्या, ‘‘माझ्या हाडातला मगज चालंल का रं?’’ आम्ही म्हणालो, आजी, पन्नासपर्यंतच घेतात. त्या म्हणाल्या, ‘‘मग नातवाला धाडते. तो रिकामाच बसलाय.’’ नातू आला होता. त्याचे नाव वहीत लागले आहे. आज जेवणाच्या मांडवाशेजारी टेबल मांडले आहे, तिथे तोच बसलेला आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.